समूहगीत बसवताय? गळे सांभाळून बसवा

"तुम्हाला गाण्यातलं कळतं ना? मग यंदाचं समूहगीत तुम्हीच बसवा." शाळेत, सोसायटीत, महिला मंडळात, अगदी परदेशातल्या महाराष्ट्र मंडळातही हे काम कोणाच्या तरी गळ्यात पडतंच. पुढचं ठरलेलं. वीस-पंचवीस हौशी माणसं, एक पेटी आणि हाताशी दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात सगळे जीव तोडून गातात, दुसऱ्या आठवड्यात निम्म्यांचे घसे बसतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी ज्येष्ठमधाच्या काड्या फिरतात.

मी बरीच वर्षं शाळेतल्या मुलांची आणि मोठ्यांची समूहगीतं बसवते आहे. नव्याने हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे: समूहात गळा बसतो तो बहुतेक वेळा स्वतःचा आवाज ऐकू न आल्यामुळे. ऐकू आला नाही की माणूस जोर लावतो. त्याने जोर लावला की शेजारच्याला स्वतःचं ऐकू येईनासं होतं, मग तोही लावतो. पट्टी, बसायची जागा, टाळ, माईक, सगळ्याचा विचार करताना हे डोक्यात ठेवा.

युरोप-अमेरिकेत कॉयरवर, म्हणजे तिकडच्या समूहगानावर, पुष्कळ संशोधन झालंय आणि त्यातलं बरंच आपल्या कामाचं आहे. तिथली माणसं चार वेगवेगळ्या सुरावटींत गातात, आपण बहुधा सगळे एकाच सुरावटीत. त्यामुळे तिकडचं जसंच्या तसं उचलू नका. पण गळा इकडचा असो की तिकडचा, चालतो सारखाच.

१. सामान आणि कागद आधी जमवा

फार काही लागत नाही:

- पेटी किंवा कीबोर्ड, आणि फोनवर तानपुऱ्याचं अॅप
- फोनवर सूर दाखवणारं ट्यूनर अॅप
- दोनशे पानी वही (हिचं काम पुढे आहे)
- प्रत्येकाची स्वतःची स्टीलची स्ट्रॉ आणि पाण्याची बाटली
- तुमच्यासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माईक
- गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात छापलेले कागद

शेवटच्या ओळीला "शब्द काय, फोनवर आहेतच की" असं उत्तर येईल. ऐकू नका. फोन मांडीवर ठेवून गाणाऱ्या माणसाची हनुवटी छातीला टेकते, मान पुढे येते आणि आवाज घशात अडकतो. कागद डोळ्यांच्या उंचीवर धरायला लावा. पहिली दहा मिनिटं कुरकुर होते, मग सवय होते.

कागदपत्रांत शाळेसाठी पालकांची लेखी संमती घ्या. तालमीची वेळ आणि रेकॉर्डिंगला परवानगी, दोन्ही एकाच पत्रात मागा. हॉल सोसायटीचा असेल तर कमिटीला अर्ज करा, त्यात वेळ स्पष्ट लिहा. हौशी मंडळाने फुकटच्या प्रेक्षकांसमोर गाण्याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावणार असाल आणि गाणी कोणाच्या हक्काची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडे परवान्याची चौकशी आधी करा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती धावपळ नको.

२. प्रत्येकाचा आवाज ऐका आणि वहीत लिहा

पहिल्या तालमीत गाणं शिकवायला घेऊ नका. एकेकाला बाजूला बोलवा. सगळ्यांसमोर गायला लावलंत तर अर्धे जण उद्या येणार नाहीत.

मधल्या सप्तकातल्या एखाद्या सोयीच्या सुरावरून 'ऊ' म्हणत हळूहळू खाली जायला सांगा, मग वर. कुठपर्यंत आवाज जातो ते लिहायचं नाही. कुठपर्यंत चेहरा न बदलता जातो, ते लिहायचं. भुवया वर गेल्या, हनुवटी उचलली, मानेच्या शिरा दिसू लागल्या की त्याच्या दोन सूर अलीकडे थांबा. ती त्या माणसाची हद्द.

त्याच पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. दिवसभर बोलायचं काम आहे का (शिक्षक, कॉल सेंटर, भाजीचा गाळा)? अॅसिडिटीचा त्रास आहे का? दम्याचा पंप घेता का? गेल्या महिन्यात आवाज बसला होता का? पंपातल्या स्टेरॉइडमुळे काहींचा आवाज घोगरा होतो, म्हणून तो प्रश्न. पंप घेऊन झाल्यावर चूळ भरायची आठवण करा, पंप मात्र बंद करायला सांगू नका. ही वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही.

३. पट्टी गाण्यावरून ठरवा, स्वतःच्या गळ्यावरून नव्हे

नवखे इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश. पट्टी म्हणजे सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा ते. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, डावीकडून मोजायच्या: पांढरी एक, काळी एक, असं.

आपल्याकडे शिकलेल्या बायका साधारण काळी चार-काळी पाचमध्ये गातात, पुरुष काळी एक-काळी दोनमध्ये. समूहगीत बसवणारा माणूस आपल्या नेहमीच्या पट्टीत सा धरतो आणि बाकीच्यांना ओढत नेतो. त्याऐवजी असं करा. गाण्याचा सर्वांत खालचा सूर शोधा, मग सर्वांत वरचा. दोन्हींमध्ये किती अंतर आहे ते पेटीवर मोजा. न शिकलेल्या बायका आणि प्राथमिक-माध्यमिकची मुलं यांना सर्वसाधारणपणे मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी सहा ते वरच्या सप्तकातली पांढरी एक, फार तर पांढरी दोन, एवढी जागा आरामात मिळते. पुरुष त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. गाणं या खिडकीत बसेल असा सा निवडा.

राष्ट्रगीत सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तेच घेऊ. त्याचा खालचा टोकाचा सूर मंद्र नी (साच्या लगेच खालचा), तो 'विधाता'च्या 'धा'शी येतो. वरचा टोकाचा सूर तार सा (वरच्या सप्तकातला सा), तो शेवटच्या तीन 'जय हे'पैकी पहिल्यात. आता बाईंनी आपल्या सवयीने खालच्या काळी चारचा सा दिला, तर मुलांचा 'विधाता' जमिनीत जातो, नुसती गुरगुर ऐकू येते. उलट मैदानावर पीटीच्या सरांनी पेटीशिवाय जोशात मधल्या सप्तकातल्या पांढरी पाचला सुरुवात केली, तर तोच तार सा इतका वर जातो की 'जय हे'ला निम्मी शाळा किंचाळते आणि उरलेली गप्प बसते. मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा काळी एक धरा. दोन्ही टोकं मुलांच्या गळ्यात बसतात. कोणत्याही शाळेच्या प्रार्थनेला उभं राहून ऐका, सा कुठे धरला होता ते 'जय हे'ला कळतं.

२०२३ पासून राज्यगीत झालेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा'ची अडचण वेगळी आहे. तिथे 'गर्जा' हा शब्द आला की मुलं खरोखर गर्जतात. त्या ओळीला पट्टी बरोबर असूनही गळे ताणले जातात. ती ओळ आधी आठवडाभर हळू आवाजात, फक्त 'र्ज' ठसठशीत उच्चारून म्हणवून घ्या. जोर व्यंजनावर येतो, गळ्यावर येत नाही, आणि ऐकणाऱ्याला ती तितकीच दमदार वाटते.

गाणं खिडकीत मावतच नसेल तर सगळ्यांनी सगळं गायलाच पाहिजे असं नाही. वरच्या ओळी ज्यांच्या वहीत तो सूर आहे त्यांना द्या, बाकीच्यांनी तेवढा वेळ 'सा-प' धरून ठेवावा. दोन सुरांत गाण्याची ही सर्वांत सोपी पायरी आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि दुसरा सूर शिकवायची शतकांची परंपरा आहे, तिथल्या लोकांना मांडो या कोकणी गीतप्रकाराचा दुसरा आवाज सहज सापडतो. आपल्या गटाला तो कान यायला वेळ लागतो. पहिल्याच कार्यक्रमात हार्मनीचा हट्ट धरू नका.

४. माणसं अशी बसवा की प्रत्येकाला स्वतःचं ऐकू येईल

स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी कॉयरच्या ध्वनिशास्त्रावर आयुष्यभर काम केलं. कॉयरमध्ये गाणाऱ्याला इतरांच्या मानाने स्वतःचा आवाज किती मोठा ऐकू आलेला आवडतो, हे त्यांनी मोजून पाहिलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सरासरी आली सुमारे ६ डेसिबल. माणसामाणसांत फरक खूप होता, पण कल स्पष्ट: स्वतःचा आवाज बाकीच्यांच्या थोडा वर हवा. आता पंचवीस जणांना सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसवलं, फरशी आणि भिंती उघड्या, वर पंखा, मध्ये ढोलकी आणि टाळ, तर कोणाला कसला ६ डेसिबलचा फायदा मिळणार?

आजूबाजूचा आवाज वाढला की आपण नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवलं. लग्नाच्या हॉलमध्ये, बँड चालू असताना शेजारच्याशी बोलून पाहा. गातानाही हेच होतं. पण स्टीव्हन टॉंकिन्सन यांनी १९९४ मध्ये गाणाऱ्यांवर प्रयोग केला, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. 'आवाज वाढवायचा मोह टाळा' असं आधी स्पष्ट सांगितलं, तर माणसं तो बऱ्याच प्रमाणात टाळू शकतात. म्हणजे नुसतं सांगण्यानेही फरक पडतो. दर तालमीला सांगा.

आणि अंतर द्या. कॅन्सस विद्यापीठाचे जेम्स डॉहर्टी यांनी उभं राहण्याच्या रचनेवर काम केलं. कोण कुठे उभा आहे यापेक्षा दोघांत मोकळी जागा किती आहे याला त्यांच्या प्रयोगात जास्त महत्त्व आलं, आणि मोकळी रचना गाणाऱ्यांनाही आवडली, ऐकणाऱ्यांनाही. आपल्याकडे जागेची बोंब असते हे मान्य. तरी दोघांत हातभर अंतर आणि पुढच्या-मागच्या रांगेत तिरकी जागा, एवढं जमतंच. जमत नसेल तर दोन गट करा.

पहिल्या-दुसऱ्या तालमीत हे करून बघा. एक ओळ नेहमीसारखी गाऊन घ्या. मग प्रत्येकाला एक तळवा कानामागे पेल्यासारखा धरून कान किंचित पुढे वळवायला सांगा आणि तीच ओळ पुन्हा. स्वतःचा आवाज एकदम समोर येतो. दुसऱ्या खेपेला सगळ्या गटाचा आवाज आपोआप खाली येतो आणि कणसूर लागणारे दोघे-तिघे स्वतःच थबकतात. कोणाला काही बोलायची गरज पडत नाही.

टाळ, झांजा आणि ढोलकी शेवटच्या दोन तालमींपर्यंत बाहेर ठेवा. ठेका टाळीने किंवा मांडीवर. भजनी मंडळाची सवय असलेल्यांना हे फार जड जातं, "टाळाशिवाय रंग चढत नाही" म्हणतात. चढू दे उशिरा.

गटात एखादी चांगली शिकलेली, मैफलीत गाणारी बाई असतेच आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर तरंगतो. तिचा दोष नाही. १९८६ च्या सुमारास रॉसिंग, सुंडबर्ग आणि टर्नस्ट्रॉम यांनी त्याच गायकांना एकट्याने आणि मग कॉयरमध्ये गायला लावून मोजमाप केलं. एकट्याने गाताना ३००० हर्ट्झच्या आसपासची ती झळाळी जास्त, कॉयरमध्ये कमी. म्हणजे दोन्ही वेगळ्या कला आहेत आणि एकाच गळ्यातून दोन्ही येऊ शकतात. तिला मागच्या रांगेत टोकाला उभं करा, 'इथे धार नको, गोलाई हवी' एवढं सांगा, आणि एखादी ओळ एकटीला द्या. मान राहतो, समूहही एकजीव होतो.

५. गाण्याआधी पाच मिनिटं स्ट्रॉ

आवाज तापवल्याशिवाय थेट गाण्याला हात घालू नका. ॐकार, मिटल्या ओठांचा मकार, ओठांची फुर्रर्र, सगळं चालतं. पण नवख्यांसाठी मला स्ट्रॉ सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती चुकीची करणं अवघड आहे.

तोंडापुढे अरुंद नळी आली की बाहेर जाणारी हवा अडते आणि मागे थोडा दाब तयार होतो. त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात न आपटता कंप पावतात. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी २००६ मध्ये यामागचं गणित नीट मांडलं. फिनलंडमध्ये तर १९६० च्या दशकापासून काचेची नळी पाण्यात बुडवून हाच व्यायाम करून घेत.

अर्धी बाटली पाणी घ्या. स्ट्रॉ दोन बोटं बुडवा. ओठ घट्ट, गाल सैल. 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मग सूर हळूहळू खाली-वर फिरवा, आणि शेवटी गाण्याची एक ओळ स्ट्रॉमधूनच म्हणा. मध्येच नाक चिमटीत धरून बघा. आवाज बंद पडला तर हवा नाकातून निसटते आहे. प्लास्टिकच्या स्ट्रॉ २०२२ पासून बंद आहेत आणि कागदी दोन मिनिटांत लगदा होते, म्हणून स्टीलची. एकमेकांची वापरायची नाही, हे शाळेत रोज सांगावं लागतं.

खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, रियाज चांगला, पण गटात नको. एकेकाकडे लक्ष देता येत नाही आणि माणसं खर्जाच्या नावाखाली घसा दाबून गुरगुरतात.

६. तालमीत कमी गा

तानपुऱ्याच्या अॅपवर ४४० हा आकडा दिसतो ना? तो मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा. त्या सुरावर गाताना स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर येतात. तासाभराच्या तालमीत एखादी बाई त्या सुराच्या आसपास खरोखर अर्धा तास गायली तरी ही संख्या आठ लाखांच्या घरात जाते. पुरुषांची साधारण निम्मी. दोन-दोन तास सलग तालीम घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

मी तालीम सव्वा तासाच्या पुढे नेत नाही आणि त्यातला निम्माच वेळ प्रत्यक्ष गाणं असतं. उरलेल्या वेळात शब्द बोलून घ्यायचे, ठेका धरायचा, रेकॉर्डिंग ऐकायचं, ओळ मनात म्हणायची. गट दोन भागांत वाटा. एक गातो, दुसरा ऐकतो आणि काय खटकलं ते सांगतो. वारकरी भजनात पुढे म्हणणारा आणि मागून धरणारे टाळकरी आळीपाळीने गातात, त्यात प्रत्येकाचा गळा आपसूक विसावतो.

श्वासाच्या जागा कागदावर खूण करून ठरवा. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की ओळीची सुरुवात आपोआप एकत्र होते, आणि कोणी अर्ध्या श्वासावर ओढत राहत नाही. गोटेनबर्गमधल्या ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली, तर गाण्याच्या रचनेने श्वास बांधला गेला की ठोक्यांचा वेगही सगळ्यांचा मिळून वाढत-घटत होता. यावरून 'समूहगानाने हृदयरोग बरा होतो' असे फॉरवर्ड फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. संशोधन तसं काही म्हणत नाही.

तसंच दुसरं. गाण्याने माणसं लवकर जवळ येतात हे खरं आहे. पीअर्स, लॉने आणि डनबार यांनी २०१५ मध्ये गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे प्रौढ वर्ग सात महिने तपासले, तेव्हा गाणारे आधी जवळ आले. पण शेवटी तिन्ही वर्ग सारखेच जवळचे झाले होते. तेव्हा पहिला महिनाभर माणसं गाण्यामुळे येतील, पुढे त्यांना टिकवायला चहा आणि वेळेवर सुटणं लागेल.

७. आवाज फुटत असलेली मुलं

सातवी ते नववीच्या वर्गात ही अडचण हमखास येते. मुलाचा आवाज मध्येच चिरकतो, बाकीचे हसतात आणि तो मुलगा समूहगीताला कायमचा रामराम ठोकतो. जुना सल्ला 'आवाज फुटतोय, आता गाणं बंद' असा. अमेरिकेतले संगीतशिक्षक जॉन कुक्सी यांनी १९७० च्या दशकापासून या बदलाचे टप्पे बारकाईने मांडले, आणि त्यांचं म्हणणं उलट होतं: गाऊ द्या, पण त्या टप्प्यात जेवढे सूर आरामात लागतात तेवढ्यांतच.

व्यवहारात याचा अर्थ असा की अशा मुलांचं वहीतलं पान दर महिन्याला नव्याने लिहायचं. कधी फक्त पाच-सहा सूर मिळतात. त्या सुरांत बसेल अशी एक साधी, सूर धरून ठेवायची ओळ त्यांना द्या. तीन-चार मुलांना मिळून द्या, एकट्याला नाही. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, तो सप्तकभर खाली जात नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हवा मिसळल्यासारखा, घोगरा आवाज आला तर 'जोर लाव' म्हणू नका.

८. तुमचा स्वतःचा गळा

समूहगीत बसवणारा बहुधा शिक्षकच असतो आणि सर्वांत आधी त्याचाच आवाज जातो. नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर व्यवसायांतले २८.८ टक्के. तिथल्या वर्गात साठ मुलं नसतात, हेही लक्षात घ्या.

याच रॉय यांचा २००२ चा एक प्रयोग मला जास्त उपयोगाचा वाटतो. आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांपैकी काहींना पाणी प्या, ओरडू नका असे आरोग्याचे नियम शिकवले, काहींना कमरेला लावायचा छोटा स्पीकर दिला. स्पीकरवाल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. नुसत्या नियमांनी तसा फरक पडला नाही. ते नियम चुकीचे नाहीत, पण वर्गात ओरडावं लागतंच, त्याला नियम काय करणार? म्हणून सामानाच्या यादीत तो स्पीकर आहे. मुख्याध्यापकांकडे मागणी अर्ज करा, नाही मिळाला तर स्वतः घ्या.

बाकी तीन सवयी. गटाबरोबर गाऊ नका: एकदा गाऊन दाखवा, मग गप्प राहून ऐका, तुमचे कानही तेव्हाच कामाला लागतात. शांत करायला आवाज चढवू नका, पेटीवर एक ठरलेला सूर वाजवा. आणि वर्गावर सहा तास बोलून आल्यावर लगेच तालीम घेऊ नका, मध्ये वीस मिनिटं कोणाशीही न बोलता बसा.

९. कार्यक्रमाचा दिवस

आदल्या दिवशी पूर्ण आवाजात तालीम नको. बहुतेक ठिकाणी नेमकी तेव्हाच मैदानात, उन्हात, माईकशिवाय रंगीत तालीम ठेवतात. जागा समजून घ्यायची असेल तर मुलांना उभं करा, चालवा, नमस्कार करवा, गाणं एकदाच आणि हळू.

साउंडवाल्याशी आधी बोला. प्रत्येकाच्या हातात माईक देऊ नका. पुढे उंच स्टँडवर दोन-तीन माईक पुरतात. त्याला एकच गोष्ट ठामपणे सांगा: गाणाऱ्यांकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर हवा. "लोकांना ऐकू येतंय ना, मग झालं" असं तो म्हणेल. मॉनिटर नसला की सगळी मंडळी पुन्हा जोर लावायला लागतात आणि महिनाभराची मेहनत पहिल्या कडव्यात जाते.

गणेशोत्सवानंतर लगेच कार्यक्रम घेऊ नका. दहा दिवस झांजांच्या गजरात आरत्या म्हटलेल्या गळ्यांना किमान आठवडा द्या.

१०. आवाज बसला तर

पहिली गोष्ट, गाणं थांबवा. दुसरी, कुजबुजू नका. कुजबुजीने गळ्याला विश्रांती मिळते असा समज आहे. प्रत्यक्षात कुजबुजताना कित्येक जण स्वरयंत्राच्या वरचा भाग आणखी आवळतात. बोलायचंच असेल तर हळू, नेहमीच्या आवाजात, थोडंसं.

खडीसाखर, मध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचते ती वाफ. ज्येष्ठमध सतत चघळू नका, जास्त झाला तर रक्तदाब वाढतो, बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर लांबच राहावं. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून कार्यक्रम गाणं सर्वांत वाईट, कारण दुखणं हीच तर थांबायची खूण असते.

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज बहुधा एक-दोन आठवड्यांत येतो. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांचं व्यसन असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, थुंकीत रक्त दिसलं, किंवा गाता गाता एकदम आवाज गेला, तर तीन आठवडे थांबायचं नाही.

बरोबर नेण्याच्या गोष्टी: चालू औषधांची यादी (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि पंप धरून), थायरॉइडचा रिपोर्ट असल्यास तो, त्रास कधी सुरू झाला याची तारीख, आणि आवाज चांगला असतानाचं एखादं रेकॉर्डिंग. ते फोनमध्ये असतंच, तालमीची रेकॉर्डिंग जपून ठेवा म्हणते ते यासाठीही. 'मी गाते' किंवा 'मी शिकवते' हे डॉक्टरांना आधी सांगा. नुसता टॉर्च मारून घसा बघितला तर स्वरतंतू दिसत नाहीत. दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे लॅरिंगोस्कोपी, आणि सोय असेल तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंचा कंप पाहणं) होईल का ते विचारा. आरशाच्या मदतीने स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहण्याची युक्ती १८५४-५५ मध्ये मान्वेल गार्सिया यांनी जगासमोर आणली आणि ते डॉक्टर नव्हते, गाण्याचे मास्तर होते. त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच नको.

स्वरतंतूंवर गाठी निघाल्या असं ऐकलं की लोक घाबरतात, कर्करोगच वाटतो. आवाजाच्या अतिवापराने येणाऱ्या लहान गाठी वेगळ्या आणि त्या बहुधा स्पीच थेरपीने बऱ्या होतात, शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नसते. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आहे का ते पाहून घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करा, खाजगी दवाखान्यांपेक्षा खर्च बराच कमी येतो.

थेरपी चालू असलेल्या माणसाला गटातून काढू नका. रोज किती मिनिटं गायची परवानगी आहे ते थेरपिस्टकडून लिहून आणायला सांगा, वहीत त्याच्या पानावर चिकटवा आणि तेवढंच गाऊ द्या. उरलेल्या वेळात ठेका त्याच्याकडे.